रीफ टाकीला वारंवार येणारा दुर्गंध आणि त्याच्या उगमाचा शोध

जळगावच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांचे मत्स्यालय, आहे. ती चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असून खालच्या कपाटातला संप (पाणी गाळण्यासाठीची दुसरी टाकी) धरून तिच्यात साधारण ४५० लिटर पाणी आहे. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत असल्यामुळे आमच्याकडे मशरूम, झोअँथिड, लेदर आणि झेनिया असे मऊ प्रवाळच आहेत, सोबत क्लाऊनफिशची जोडी आणि काही गोगलगायी. या टाकीला दोन वर्षे मधूनमधून सडलेल्या अंड्यासारखा वास येत असे. प्रत्येक वेळी मी शंभर लिटर पाणी बदलत असे, ॲक्टिव्हेटेड कार्बनची नवी पिशवी टाकत असे आणि फेसाबरोबर घाण वेगळी काढणाऱ्या स्किमरचा पेला घासून काढत असे. दोन दिवसांत वास जाई, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो पुन्हा हजर होई.

इतक्या फेऱ्यांनंतर मला जे कळले ते असे की पाणी बदलल्याने वासाबरोबर त्याचा मागही धुऊन निघतो. वास येताच बादली उचलण्याऐवजी तो नेमका कशासारखा आहे, टाकीच्या कोणत्या भागातून येतो आणि कोणत्या वेळी येतो, या तीन गोष्टी आधी लिहून घेतल्या असत्या, तर माझे दीड वर्ष तरी वाचले असते. मासे वर येऊन धापा टाकत असतील तर अर्थातच आधी त्यांना वाचवायचे. पण तशी वेळ क्वचित येते, आणि एरवी अर्धा तास थांबून तपास करायला पुरेसा अवधी असतो.

निरोगी रीफ टाकीला वास असतोच. झाकण उघडल्यावर समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेसारखा, किंचित खारा, किंचित शेवाळी वास यावा आणि तो हातभर अंतरावर विरून जावा. तो खोलीभर पसरत असेल तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. अडचण अशी की घरात राहणाऱ्यांच्या नाकाला हळूहळू वाढणारा वास कळत नाही. आम्हाला तो पहिल्यांदा कळला तोच मुळी माझी धाकटी मावशी शिरपूरहून आली तेव्हा. दारात चप्पल काढतानाच तिने विचारले, “काय वं, आठे कसाना वास ई ऱ्हायना?” (काय गं, इथे कशाचा वास येतोय?) आम्ही चौघे त्याच खोलीत बसून चहा पीत होतो आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. म्हणून तपासाच्या दिवशी बाहेरून आलेल्या माणसाला आत बोलवावे, किंवा स्वतः अर्धा-पाऊण तास बाहेर फिरून यावे आणि दार उघडताक्षणी जो वास येईल तो लिहून ठेवावा.

सडलेल्या अंड्याचा वास हा हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा सहज का तयार होतो हे समजून घेणे तपासासाठी आवश्यक आहे. समुद्राच्या पाण्यात, आणि म्हणून आपण मिठाच्या पुडीतून बनवलेल्या पाण्यातही, दर लिटरमागे जवळपास २.७ ग्रॅम सल्फेट असते. पाणी वाहते असेल तोवर जीवाणू ऑक्सिजन वापरून घाण कुजवतात. एखाद्या कोपऱ्यात पाणी थांबले की तिथला ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट वापरले जाते, आणि तेही संपले की सल्फेटवर जगणारे जीवाणू पुढे येतात व सल्फाइड बाहेर टाकतात. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की अंड्याचा वास आला म्हणजे टाकीत कुठेतरी पाणी आणि घाण दोन्ही एकत्र साचून राहिले आहेत. अशी जागा टाकीच्या मधोमध जवळजवळ कधीच नसते. ती दगडांच्या बुडाशी, वाळूच्या खालच्या थरात, कॅनिस्टर नावाच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, पाणी शुद्ध करणारे दाणे भरलेल्या मंद प्रवाहाच्या रिॲक्टरमध्ये किंवा बंद पडलेल्या पाइपात असते. वाळूत ती काळ्या डागांच्या रूपाने काचेतून दिसते, कारण सल्फाइड आणि लोह यांच्या संयोगाने काळा पदार्थ बनतो. हा वायू पाण्यात अब्जांशांच्या मात्रेत असला तरी नाकाला कळतो, त्यामुळे वास तीव्र असला म्हणजे टाकी हातची गेली असे मानून घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो माशांना खरोखरच विषारी आहे आणि पाण्याचा पीएच जितका उतरेल तितका त्याचा घातक भाग वाढतो. म्हणून अशा वेळी पीएच कमी करणारे कोणतेही द्रव्य टाकू नये आणि हवेचे बुडबुडे वाढवावेत.

सुक्या बोंबलाच्या पोत्यासारखा वास येत असेल तर तपास अगदी वेगळ्या दिशेने न्यावा लागतो. सागरी माशांच्या मांसात एक असे द्रव्य असते की मासा मेल्यावर जीवाणू त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात, आणि मासळीबाजाराचा ओळखीचा वास तो हाच. तापी-गिरणेच्या गोड्या पाण्यातल्या माशांत हे द्रव्य फारच कमी असते, त्यामुळे गोड्या पाण्याची टाकी सांभाळून आलेल्या माणसाला हा वास नवा वाटतो. अशा वेळी पहिले काम म्हणजे मोजदाद. प्रत्येक मासा, प्रत्येक खेकडा, प्रत्येक गोगलगाय डोळ्यांनी पाहावी. काचेवर दोन दिवस एकाच जागी असलेली किंवा वाळूवर उलटी पडलेली गोगलगाय उचलून नाकाजवळ धरावी. मेलेल्या गोगलगायीचा वास इतका उग्र असतो की दुसरी शंका उरतच नाही. एका गोगलगायीने आमची आख्खी खोली एकदा दोन दिवस व्यापली होती. मासा दिसत नसेल तर दगडांमागे, पाणी संपात उतरते त्या ओव्हरफ्लोच्या कप्प्यात आणि संपातल्या पंपाच्या जाळीवर शोधावे, आणि त्याच वेळी अमोनियाची चाचणी घ्यावी. अमोनिया शून्य असेल तर मोठे कलेवर पाण्यात असण्याची शक्यता बरीच कमी होते.

याच मासळीसारख्या वासाचे एक फसवे कारण आमच्या भागात विशेष आढळते. नळाचे किंवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे आपण आरओ फिल्टर आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन वापरतो. त्या रेझिनमधला ॲनायन प्रकारचा भाग जुना झाला, संपला किंवा तापला की त्यातून अमाइन सुटतात आणि शुद्ध केलेल्या पाण्यालाच मासळीचा वास येतो. गच्चीच्या जिन्यात फिल्टर बसवलेला असेल आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत गेला असेल, तर रेझिनचा वास येण्यात नवल नाही. टाकीला वास नाही, पण नवे पाणी साठवलेल्या ड्रमला आहे, अशी खूण दिसली की पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून रेझिन बदलावे आणि फिल्टर सावलीत आणावा.

उरलेले वास लवकर ओळखू येतात. काळ्या रानावर पहिला पाऊस पडल्यावर येतो तसा मातकट वास सायनोबॅक्टेरिया या शेवाळासारख्या जीवाणूंच्या तांबड्या-जांभळ्या थराशी निगडित असतो. तो थर नळीने ओढून काढून प्रवाह वाढवला आणि खाद्य कमी केले की वासही ओसरतो. कोबी कुजल्यासारखा वास येत असेल तर झेनिया किंवा लेदर वितळत आहे का ते पाहावे. लेदरवर मेणासारखा पापुद्रा येऊन तो गळून पडणे नैसर्गिक आहे, पण बुंधा मऊ, करडा आणि दुर्गंधीयुक्त झाला असेल तर तो भाग धारदार पात्याने कापून ताबडतोब बाहेर काढावा. झोअँथिड असलेला दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि तो दगड कधीही गरम पाण्यात टाकू नये किंवा उकळू नये, कारण त्यातल्या पॅलिटॉक्सिन या विषाची वाफ माणसाला गंभीर आजारी पाडू शकते. प्लास्टिक जळल्याचा वास हा कुजण्याचा वास नसतो. मुख्य बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. मग हीटर, पंप आणि प्लगवर चढलेले मिठाचे पांढरे थर तपासावेत.

टाकीला दोष देण्याआधी खोलीही तपासावी असा माझा आग्रह आहे, कारण खानदेशातल्या उन्हाळ्यात दोन वस्तू हुबेहूब टाकीसारखा वास देतात. पहिली म्हणजे कूलर. पॅडमधले गवत जुने झाले आणि तळातले पाणी आठवडाभर तसेच राहिले की कूलर सुरू होताच मासळीचा वास खोलीभर पसरतो. तो एक दिवस बंद ठेवून पाहिला की निकाल लागतो. दुसरी वस्तू म्हणजे नहाणी ट्रॅप. पाणी बदलण्याच्या सोयीसाठी आम्ही टाकीशेजारच्या कोपऱ्यात जमिनीला एक जाळी बसवून घेतली होती. ट्रॅपमध्ये कायम राहणारे थोडेसे पाणी गटारातला वायू वर येऊ देत नाही, पण ते रोज वापरात नसेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते पार आटते आणि गटारातला हायड्रोजन सल्फाइड थेट बैठकीत येतो. त्यात तांब्याभर पाणी ओतून तासभर वाट पाहावी. आमच्याकडे यामुळे एकदा वास गेला, आणि म्हणूनच खरे कारण सापडल्याचा माझा समज झाला व पुढचे चार महिने मी निष्कारण दर रविवारी ट्रॅपमध्ये पाणी ओतत राहिले.

वासाची जागा शोधण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत बरण्यांची आहे. झाकणाच्या, स्वच्छ धुतलेल्या सहा लहान काचेच्या बरण्या घ्याव्यात. लोणच्याच्या बरण्या घेऊ नयेत, त्यांचा वास जात नाही. मुख्य टाकीतले वरचे पाणी, दगडांच्या मागचे पाणी, संपाच्या पहिल्या कप्प्यातले पाणी, परतीच्या पंपाजवळचे पाणी, फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) पिळून निघालेले पाणी आणि साठवणीच्या ड्रममधले पाणी अशी अर्धी-अर्धी बरणी भरावी, वर चिठ्ठी लावावी, झाकण घट्ट करून दहा मिनिटे ठेवावी आणि मग टाकीपासून दूर, शक्यतो गच्चीवर, एकेक उघडून हुंगावी. ही हुंगण्याची जबाबदारी चिठ्ठ्या न वाचलेल्या माणसावर सोपवावी. वाळूचा संशय असेल तर पातळ नळीने चमचाभर वाळू एकाच ठिकाणाहून बादलीत ओढून घ्यावी. पूर्ण तळ उकरू नये, कारण थरात अडकलेले सल्फाइड एकदम पाण्यात मिसळले तर जे संकट नव्हते ते ओढवते. स्किमरच्या पेल्याची बरणी भरण्याची गरज नाही. तो घाणच गोळा करतो, त्यामुळे त्याला वास येणारच, आणि स्किमर आतली हवा पेल्यातूनच खोलीत सोडत असल्यामुळे तो दोन-तीन दिवसांनी धुतला नाही तर निरोगी टाकीही दुर्गंधीची वाटते. फिल्टर सॉकही तितक्याच वेळा बदलावा.

आमच्या बरण्यांनी मात्र मला आधी गोंधळात टाकले. वास आल्याच्या दिवशी ड्रमची सोडून बाकी पाचही बरण्यांना सारखाच, मंद वास होता, आणि दुसऱ्या दिवशी एकीलाही नव्हता. दगडामागे किंवा वाळूत उगम असता तर एक बरणी ठळकपणे वेगळी निघाली असती. म्हणजे उगम सतत नव्हता. काहीतरी ठरावीक वेळी थोडे सल्फाइड सोडत होते, ते सगळ्या पाण्यात मिसळत होते आणि खेळत्या हवेमुळे एका दिवसात नाहीसे होत होते.

तेव्हा मी जागेचा शोध थांबवून वेळेचा सुरू केला. जूनपासून एका वहीत तारीख, वेळ, टाकीचे तापमान, वीज गेली होती का आणि कोणकोणती उपकरणे चालू होती, हे लिहू लागले. चार महिन्यांत जे दिसले ते माझ्या समजुतीच्या नेमके उलट होते. वास उन्हाळ्यात वाढेल असे मला वाटे, पण आदल्या मे महिन्यात एकदाही वास आल्याचे घरात कोणाला आठवत नव्हते. थंडीतही तो नव्हता. वास आला होता तो जूनच्या अखेरीस, जुलैत, सप्टेंबरात दोनदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात, प्रत्येक वेळी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, आणि प्रत्येक वेळी त्याआधीचे पाच-सहा दिवस ढगाळ किंवा गार गेलेले होते. त्याच दुपारी मशरूम आक्रसलेले आणि क्लाऊनफिश भराभर कल्ले हलवत असल्याची नोंदही वहीत होती. गार दिवसांनंतरच्या पहिल्या तापलेल्या दुपारी आमच्या घरात नव्याने सुरू होणारी वस्तू एकच होती, आणि ती म्हणजे टाकीचे पाणी गार करणारा चिलर.

चिलर २८ अंशांवर लावलेला होता. त्याला पाणी पुरवणारा वेगळा पंप बसवून देणाऱ्या कारागिराने विजेची बचत म्हणून तो पंपही चिलरच्याच तापमान नियंत्रकावरून जोडला होता. त्यामुळे पाणी २८ अंशांच्या खाली असेपर्यंत कॉम्प्रेसर आणि पंप दोन्ही बंद, आणि दोन्ही नळ्या व चिलरच्या पोटातले तीन-चार लिटर पाणी जागच्या जागी थांबलेले. नळ्यांच्या आतल्या भिंतींवर दोन वर्षांचा गाळाचा थर होता. मे महिन्यात चिलर रोज चाले, म्हणून पाण्याला कुजायला वेळ मिळत नसे. डिसेंबरात तो लागतच नसे, म्हणून कुजलेले पाणी बाहेर येत नसे. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात मात्र तो आठवडाभर बंद राहून अचानक सुरू होई आणि साठलेले सल्फाइड एका दमात टाकीत येई. खात्री करण्यासाठी मी चिलर मुद्दाम सहा दिवस बंद ठेवला आणि सातव्या दिवशी नळीचे टोक टाकीतून काढून बादलीत धरले. पहिले पाणी करडे आले, त्यात काळे कपटे होते, आणि बादली ताबडतोब अंगणात न्यावी लागली.

उपाय तपासाच्या मानाने फारच छोटा होता. दोन्ही नळ्या बदलल्या, चिलरमधून सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण तासभर फिरवले, साध्या पाण्याने तीनदा आणि शेवटी खाऱ्या पाण्याने एकदा तो धुऊन काढला, आणि पंपाची जोडणी नियंत्रकावरून काढून सरळ मुख्य प्लगवर आणली, म्हणजे कॉम्प्रेसर बंद असला तरी पाणी फिरत राहते. पंप लहान असल्यामुळे वीजबिलात जाणवण्याइतका फरक पडला नाही. तेव्हापासून एक पूर्ण पावसाळा आणि एक ऑक्टोबर गेला आहे आणि वहीत वासाची नवी नोंद नाही.

ज्यांच्याकडे चिलर नाही त्यांनीही “मधूनमधून थांबते असे माझ्याकडे काय आहे” हा प्रश्न स्वतःला विचारावा. दोन्ही बाजूंनी कॉक बंद करून पुढच्या सोयीसाठी राखून ठेवलेला पाइपाचा तुकडा, टायमरवर चालणारा अल्ट्राव्हायोलेट दिवा आणि त्याचा पंप, नायट्रेट कमी करण्यासाठी लावलेला बायोपेलेट किंवा गंधकाचा रिॲक्टर ज्याचा प्रवाह चिकट थराने मंदावला आहे, आणि सर्वांत जास्त वेळा, कॅनिस्टर फिल्टर. जूनच्या आरंभी वादळी पावसात वीज सहा-सहा तास जाते तेव्हा बंद डब्यातला ऑक्सिजन जीवाणू लवकर संपवतात, आणि वीज येताच तो डबा आतले सगळे पाणी टाकीत ओततो. वीज दोन-तीन तासांहून अधिक गेली असेल तर कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवावा, वीज आल्यावर डबा उघडावा, आतले पाणी फेकून द्यावे, स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात धुवावा आणि मगच तो सुरू करावा. त्या काळात टाकीसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. खारे पाणी २५ अंशांना दर लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते आणि ३० अंशांना सुमारे ६.२, म्हणजे मुळातच कमी साठा उष्णतेत आणखी घटतो, आणि त्यात सल्फाइडची भर पडली तर मासे तासाभरातही दगावू शकतात.

तशी वेळ आलीच तर क्रम असा ठेवावा: खिडक्या उघडाव्यात, संशयित उपकरण बंद करून त्याचे पाणी टाकीत येणे थांबवावे, हवेचे पंप आणि पाण्यात प्रवाह निर्माण करणारे वेव्हमेकर पूर्ण जोरात लावावेत, ताजा कार्बन टाकावा, एक बरणी पुराव्यासाठी भरून बाजूला ठेवावी आणि त्यानंतर पाणी बदलावे. कपाट बंद असून वास फार तीव्र असेल तर आत डोके घालून हुंगू नये. दारे उघडून काही मिनिटे थांबावे, कारण हा वायू मोठ्या प्रमाणात असेल तेव्हा नाक बधिर होते आणि वास कमी झाल्याचा भास होतो. काचेलगत वाळूत दिसणारे काळे डाग मात्र त्या दिवशी उकरू नयेत. मासे सावरल्यावर, आठवड्याला विताएवढ्या पट्ट्यात, नळी वाळूच्या फक्त वरच्या बोटभर थरातून फिरवत ती जागा हळूहळू मोकळी करावी आणि त्या कोपऱ्याकडे एका वेव्हमेकरचे तोंड वळवून ठेवावे.